उमेदवारांचा कैवारी : संत जॉन बॉस्को



येत्या ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करीत आहे. काळा झगा घातलेला आणि मुलांच्या घोळक्यात हसतमुख उभा असलेला हा धर्मगुरू चित्रांमुळे आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. त्यांची स्वप्ने, त्यांचे जादूचे खेळ, दोरीवरून चालण्याच्या कसरती आणि त्यांच्या शाळा यांविषयी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले असते. आज मात्र त्यांच्या आयुष्यातील एका कागदाविषयी मला तुम्हांला सांगायचे आहे. तो कागद म्हणजे एका सुताराशी केलेला करार होय.

हा विषय मनात येण्याचे कारण घरभेटीच्या वेळी घडले. एका घरी अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उजवा हात रुमालाखाली झाकून बसला होता. एका गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करताना त्याची दोन बोटे गेली होती. यंत्राला संरक्षक जाळी होती, पण जाळीमुळे माल कमी निघतो म्हणून ती काढून ठेवलेली होती. कामावर घेतल्याचा कागद त्याच्याकडे नव्हता. त्याच्या आईने डोळे पुसत देवाची मर्जी असे म्हणून विषय संपवला. मी मुलाला विचारले की जाळी काढली तेव्हा तू कोणाला काही बोलला होतास का? त्यावर त्याने सांगितले की असे काही बोलता येते हेच त्याला ठाऊक नव्हते.

त्या आईचे मन मी समजू शकतो. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ती जाळी देवाने काढली नव्हती, माणसाने काढली होती. आणि त्या मुलाला बोलायला कोणी शिकवले नव्हते, यात तुमचा-माझाही वाटा आहे. म्हणून डॉन बॉस्को यांचे चरित्र आज या बाजूने पाहू या. (इटलीत धर्मगुरूला आदराने ‘डॉन’ म्हणतात. सिनेमातल्या डॉनशी त्याचा काही संबंध नाही, हे आपल्या मुलांना एकदा सांगायला हवे!)

शेतावरचा गडी

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीच्या पिएमाँत प्रांतातील बेक्की नावाच्या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, मे १८१७ मध्ये, त्यांचे वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. आई मार्गारेट हिच्यावर तीन मुलगे आणि म्हातारी सासू यांचा भार पडला. ती निरक्षर होती, पण प्रार्थना आणि कष्ट या दोन्ही गोष्टी तिने मुलांना लहानपणीच शिकवल्या.

जॉनला शिकायचे होते. थोरला सावत्र भाऊ अँथनी याला मात्र ते पटत नव्हते. शेतकऱ्याच्या पोराने पुस्तक घेऊन बसावे हे त्याला नामंजूर होते. घरातली भांडणे इतकी वाढली की फेब्रुवारी १८२८ मध्ये आईने जड मनाने बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर काम शोधायला पाठवले. मोल्या नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो गडी म्हणून राहिला. आईपासून दूर, परक्याच्या गोठ्यात आणि शेतात राबण्याचा अनुभव त्याने जवळजवळ दोन वर्षे घेतला. सुदैवाने ते कुटुंब भले होते.

पुढे शाळेत गेल्यावरही पोटासाठी आणि फीसाठी त्यांना पडेल ते काम करावे लागले. एका शिंप्याकडे ते शिवण शिकले, लोहाराच्या भात्याजवळ उभे राहिले, एका कॉफीच्या दुकानात त्यांनी गिऱ्हाइकांची सेवा केली. त्या दुकानात जिन्याखालच्या अरुंद जागेत ते झोपत असत. धंदा शिकणाऱ्या पोराचे दिवस कसे जातात हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते, ते त्यांनी स्वतः भोगले होते. १८३५ साली ते सेमिनरीत दाखल झाले आणि ५ जून १८४१ रोजी ट्युरिन शहरात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

ट्युरिनच्या रस्त्यांवर

ट्युरिन त्या काळी झपाट्याने वाढत होते. नव्या इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते आणि आसपासच्या खेड्यांतून व डोंगरांतून कोवळी मुले कामाच्या शोधात शहरात येत होती. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाही, कोणी पाथरवटाकडे छिन्नी धरी, कोणी गिलाव्याचे काम करी, कोणी रस्त्याची फरसबंदी करी. धुराडी साफ करण्याच्या कामावर तर अगदी लहान मुले असत, कारण अरुंद धुराड्यात मोठा माणूस मावत नसे. यांपैकी अनेकांचे आईवडील गावी होते किंवा या जगात नव्हते.

फादर जोसेफ कफासो या आपल्या गुरूंच्या सांगण्यावरून तरुण डॉन बॉस्को शहरातील तुरुंगांना भेटी देऊ लागले. तिथे बारा ते अठरा वर्षांची निरोगी, हुशार मुले कैद्यांच्या गर्दीत पाहून त्यांना मोठा धक्का बसला. त्यांच्या लक्षात आले की शिक्षा भोगून बाहेर पडलेली मुले पुन्हा पुन्हा तिथेच येतात, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे, त्यांना काम मिळवून देणारे कोणी नसते.

८ डिसेंबर १८४१, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्साची तयारी करीत होते. सॅक्रिस्टीत थंडीने कुडकुडत एक मुलगा उभा होता. त्याला मिस्साला मदत करता येत नाही असे कळताच सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलून दिले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले आणि मिस्सानंतर जवळ बसवून प्रेमाने विचारपूस केली. त्याचे नाव बार्थोलोम्यू गरेल्ली. तो सोळा वर्षांचा होता, आस्तीहून आला होता, गवंडीकाम करीत होता. आईवडील नव्हते, लिहिता-वाचता येत नव्हते. शेवटी फादरांनी त्याला शीळ वाजवता येते का असे विचारले तेव्हा कुठे त्या पोराच्या चेहऱ्यावर हसू उमटले. दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली आणि तिथेच डॉन बॉस्को यांच्या सेवाकार्याचा पाया घातला गेला. लक्षात घ्या, त्यांच्या कार्याचा पहिला मुलगा हा बांधकामावरचा कामगार होता.

मुलांची संख्या वाढत गेली. रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि खेळ यांसाठी जमणाऱ्या या गोंगाटाला कोणी जागा देईना. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागातील एका शेडमध्ये त्यांना हक्काचा निवारा मिळाला. या केंद्राला ऑरेटरी म्हणत. त्याच वर्षी आई मार्गारेट आपले गावचे घर सोडून मुलाच्या मदतीला आली आणि १८५६ साली मृत्यू येईपर्यंत त्या शेकडो पोरांची आई होऊन राहिली.

डॉन बॉस्को केवळ रविवारी मुलांची वाट पाहत बसत नसत. आठवड्याच्या दिवशी ते स्वतः कारखान्यांत आणि बांधकामांवर जात, मुलांना भेटत आणि मालकांशीही बोलत. ज्याला काम नाही त्याला चांगला मालक शोधून देत. यातून त्यांना जे दिसले ते अस्वस्थ करणारे होते.

पिएमाँतमध्ये कारागिरांचे जुने संघ होते. शिकाऊ मुलाला कसे ठेवावे, किती वर्षांत काय शिकवावे याच्या काही रूढी त्या संघांनी घालून दिलेल्या होत्या. १८४४ साली राजाने हे संघ बरखास्त केले. व्यापार मोकळा झाला, पण मुलांवर असलेले उरलेसुरले छत्रही गेले. धंदा शिकवण्याच्या नावाखाली मालक मुलांना घरकामाला, ओझी वाहायला, निरोप पोहोचवायला जुंपत. चूक झाली की चापटी आणि काठी हीच शिकवण असे. रविवारचीही सुट्टी नसे. आजारी पडला की पगार बंद.

आजारपणाच्या प्रश्नाला डॉन बॉस्को यांनी प्रथम हात घातला. १८५० साली त्यांनी आपल्या कामकरी मुलांची परस्पर साहाय्य मंडळी स्थापन केली. प्रत्येक सभासदाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे पाच सेंतेसिमी, वर्गणी द्यायची. सहा महिने सभासद राहिलेला मुलगा आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याला रोज ५० सेंतेसिमी मदत मिळे. मुलांच्याच पैशांतून मुलांचा आधार उभा राहिला.

रविवारचा करार

यानंतरचे पाऊल म्हणजे लेखी करार. नोव्हेंबर १८५१ मध्ये एका काच कारागिराशी त्यांनी असा करार केला होता. त्यानंतरचा, अधिक प्रसिद्ध करार रविवार दि. ८ फेब्रुवारी १८५२ चा आहे. त्याचा कागद आजही सालेशियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे. जुसेप्पे बेर्तोलिनो नावाचे सुतार मेस्त्री, जुसेप्पे ओदास्सो हा उमेदवार, त्याचे वडील व्हिन्चेन्सो आणि ऑरेटरीचे संचालक म्हणून स्वतः डॉन बॉस्को, अशा चौघांचा तो करार. त्यात काय होते ते मी आपल्या शब्दांत सांगतो.

मेस्त्रींनी दोन वर्षांत मुलाला सुतारकाम नीट शिकवायचे. सतत याच धंद्यातले काम द्यायचे, भलतेसलते नाही. आणि ते काम मुलाच्या ताकदीबाहेरचे असू नये याची दक्षता घ्यायची. मुलगा चुकला तर बापाने मुलाला सांगावे तसे प्रेमाने समजावायचे, तेही केवळ शब्दांनी. हात उगारायचा नाही, कोणत्याही प्रकारे छळ करायचा नाही. रविवार व सर्व सणांचे दिवस पूर्ण मोकळे द्यायचे, म्हणजे मुलाला उपासनेला आणि रविवारच्या शाळेला जाता येईल. आजारपणामुळे किंवा योग्य कारणाने वर्षात पंधरा दिवसांपर्यंत खाडे झाले तर त्याची भरपाई मागायची नाही. त्याहून अधिक झाले तर तेवढे दिवस मुलाने उमेदवारी संपल्यावर भरून द्यायचे. पहिल्या सहा महिन्यांत रोज ३० सेंतेसिमी, पुढील सहा महिन्यांत ४० आणि दुसऱ्या वर्षी ६० सेंतेसिमी मजुरी, आणि ती आठवड्याच्या आठवड्याला द्यायची. शिवाय दर महिन्याला मुलाच्या वागणुकीविषयी मेस्त्रींनी एका कागदावर खरेखुरे लिहून द्यायचे.

आता दुसरी बाजू पाहा. मुलाने तत्परतेने, नियमितपणे आणि लक्षपूर्वक काम करायचे. मेस्त्रींचा आदर राखायचा, त्यांचे ऐकायचे. त्याच्या चुकीमुळे काही नुकसान झाले तर ते भरून देण्याची हमी वडिलांनी घेतली होती. आणि डॉन बॉस्को यांनीही स्वतःला बांधून घेतले होते. मुलाची वागणूक चांगली राहावी म्हणून ते मदत करतील, आणि मेस्त्रींची मुलाबद्दल तक्रार आली तर तीही आस्थेने ऐकून घेतील.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हक्क आधी की कर्तव्य आधी यावर आम्ही मित्रांनी रात्र-रात्र वाद घातले होते. या कागदाविषयी वाचले तेव्हा त्या वादातले माझे बरेचसे पांडित्य गळून पडले. इथे मालकाचे कर्तव्य तोच मुलाचा हक्क आहे आणि मुलाचे कर्तव्य तोच मालकाचा हक्क आहे. दोन्ही एकाच पानावर आहेत. आणि चार सह्यांमुळे ते नुसते चांगले विचार राहिले नाहीत. मारणार नाही असे मेस्त्री तोंडी म्हणाले असते तर राग आल्यावर विसरले असते. कागदावर सही केल्यावर विसरणे इतके सोपे नसते.

आणखी एक गोष्ट. या मुलाला वडील होते. गरेल्लीसारखा तो पोरका नव्हता. तरीही डॉन बॉस्को यांनी वडिलांना एका बाजूला सारून सर्व काही स्वतः केले नाही. त्यांना बरोबर बसवले, त्यांची जबाबदारी त्यांना दिली आणि आपली सही त्यांच्या सहीसोबत ठेवली.

स्फोट आणि पडझड

या करारानंतर तीन महिनेही उलटले नव्हते. २६ एप्रिल १८५२ रोजी दुपारच्या सुमारास वाल्दोक्कोजवळच असलेल्या तोफेच्या दारूच्या कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. वीसहून अधिक कामगार ठार झाले. ऑरेटरीच्या भिंतींनाही हादरे बसले. पाओलो साक्की नावाच्या एका सार्जंटने जिवाची पर्वा न करता दारूच्या पिंपांवर पसरू लागलेली आग दूर केली, नाहीतर त्या वस्तीचे काही उरले नसते. कामाची जागा क्षणात मृत्यूची जागा कशी होते हे डॉन बॉस्को यांच्या मुलांनी आपल्या दारात पाहिले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या आवारात अपघात झाला. मुलांसाठी बांधली जात असलेली नवी इमारत छपरापर्यंत आली होती. अनेक दिवस पाऊस लागून राहिला. ओला चुना धुऊन गेला आणि एका रात्री नवे बांधकाम गडगडत खाली आले. शेजारच्या जुन्या घरात मुले झोपलेली होती. दैवकृपेने कोणाला इजा झाली नाही. डॉन बॉस्को यांनी देवाचे आणि मरियामातेचे आभार मानले आणि पुढच्या वर्षी ती इमारत नव्याने उभी केली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. संताचे आवार, संताचा हेतू, तरीही चुना कच्चा राहिला तर भिंत पडते. मालक देवभीरू आहे, आपल्याच चर्चचा आहे, रोज रोझरी म्हणतो, म्हणून त्याच्या गाळ्यातील उघडी वायर सुरक्षित होत नाही. हेतू चांगला असेल तर काळजी अधिक घ्यावी लागते. आपल्या चर्चच्या सणाला मांडव घालणाऱ्या, उंच शिडीवर चढून रोषणाई करणाऱ्या युवकांच्या बाबतीतही हे लागू आहे आणि इथे मी स्वतःलाही सुनावतो आहे.

१८५४ च्या उन्हाळ्यात ट्युरिनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा हीच वृत्ती दिसली. आजाऱ्यांची सेवा करायला माणसे मिळत नव्हती. डॉन बॉस्को यांनी हाक देताच त्यांची मोठी मुले पुढे झाली. त्यांनी मुलांना पापापासून दूर राहायला आणि मरियामातेवर भरवसा ठेवायला सांगितले. त्याबरोबरच प्रत्येकाला व्हिनेगरची बाटली देऊन रुग्णाला हात लावल्यावर हात धुण्याची ताकीद दिली. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे जी खबरदारी शक्य होती ती त्यांनी घेतली. त्यांच्या मुलांपैकी एकही दगावला नाही. प्रार्थना आणि खबरदारी यांत त्यांना कधी विरोध वाटला नाही.

घरचे कारखाने

करार करूनही बाहेरच्या कामाच्या जागांतील शिवीगाळ, वाईट संगत आणि अन्याय पूर्ण थांबत नव्हते. म्हणून १८५३ पासून डॉन बॉस्को यांनी ऑरेटरीतच धंदेशिक्षणाचे विभाग सुरू केले. प्रथम चांभारकाम आणि शिवणकाम, १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकाम आणि १८६२ च्या सुमारास छापखाना व लोहारकाम. मुलगा धंदा शिकेल, लिहायला-वाचायला शिकेल, देवाला ओळखेल आणि हे सारे मारहाणीशिवाय होईल, असा त्यांचा आग्रह होता. विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन गोष्टींवर त्यांनी आपली शिक्षणपद्धती उभारली. चूक घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक घडूच नये म्हणून मुलाच्या सोबत राहावे, हे तिचे मर्म. कारखान्यातील सुरक्षिततेचे मर्मही हेच नाही काय? बोट तुटल्यावर भरपाई देणे भाग आहे, पण बोट तुटू न देणे हे खरे प्रेम.

१८५९ साली त्यांनी सालेशियन संस्था स्थापन केली. १८७२ साली संत मेरी माझ्झारेल्लो यांच्यासह मुलींसाठी धर्मभगिनींची संस्था सुरू केली. १८७५ साली त्यांचे पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे ट्युरिन येथे वयाच्या ७२ व्या वर्षी ते देवाघरी गेले.

सरकारी कायदे मात्र त्यांच्या मागून आले. कारखान्यांत आणि खाणींत मुलांनी काम करण्यावर बंधन घालणारा इटलीचा पहिला राष्ट्रीय कायदा १८८६ साली झाला आणि त्यानेही किमान वय अवघे नऊ वर्षे ठरवले. बेर्तोलिनो मेस्त्रींचा करार त्याच्या ३४ वर्षे आधीचा आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. शरीर आणि मन पुरेसे वाढण्याआधी मुलांना कारखान्यात घालू नये, असे त्यात त्यांनी बजावले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पोप पायस अकरावे यांनी डॉन बॉस्को यांना संत घोषित केले. पुढे १९५८ साली पोप पायस बारावे यांनी त्यांना इटलीतील उमेदवारांचे आश्रयदाते संत ठरवले.

त्यांचे सालेशियन पुत्र १९०६ साली तंजावरला आले आणि १९२८ साली मुंबईत पोहोचले. माटुंग्याची शाळा आणि कुर्ल्याची तांत्रिक संस्था आपल्या परिचयाच्या आहेत. डॉन बॉस्कोचा मुलगा म्हणजे हातात धंदा असलेला मुलगा, हे समीकरण त्यातूनच तयार झाले.

आपल्यासाठी

आपल्या देशातील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याकडे पाहिले की मला त्या रविवारच्या कराराची आठवण होते. त्यात लेखी कराराची अट आहे. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाने करार करायचा असतो. उमेदवारीच्या कामामुळे इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे (शाळा सांभाळून घरच्या उद्योगात केलेल्या मदतीसारखे अपवाद सोडता) आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोकादायक उद्योगात लावणे, हा बालकामगारविषयक १९८६ च्या आणि २०१६ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांविषयीची नवी संहिता देशात लागू झाली आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. तिच्याप्रमाणे मालकाने नेमणूकपत्र दिले पाहिजे. आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा कामगाराला हक्क आहे. गंभीर इजा किंवा जिवाला धोका होईल असे वाटले तर त्याने ते मालकाच्या आणि सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणून द्यायचे असते. त्याच संहितेत कामगाराची कर्तव्येही आहेत. स्वतःची आणि सोबत्यांची काळजी घेणे, नियम पाळणे, असुरक्षित काही दिसले तर कळवणे आणि सुरक्षेसाठी लावलेल्या साधनांशी खेळ न करणे. हेल्मेट मालकाने द्यायचे आणि कामगाराने डोक्यावर घालायचे. खुंटीवर टांगलेल्या हेल्मेटने कोणाचे डोके वाचत नाही.

युवक-युवतींनो, तुम्हांला माझे सांगणे आहे. पहिली नोकरी मिळाल्याचा आनंद मोठा असतो आणि ती जाईल ही भीतीही मोठी असते. पण माहीत नसलेले यंत्र चालवण्याआधी ते शिकवा असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. जाळी बसवा असे नम्रपणे सांगणे ही कामचुकारी नव्हे. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर दोघे-तिघे मिळून बोला.

आईवडिलांनो, मुलगा पगार किती आणतो हे आपण पहिल्या महिन्यातच विचारतो. तो कशावर काम करतो, रात्रपाळीला कसा जातो-येतो, त्याच्याकडे नेमणुकीचा कागद आहे का, हेही विचारा. ओदास्सोच्या वडिलांनी सही करण्यापूर्वी कागद ऐकून घेतला असेलच.

आपल्या धर्मग्रामात गाळे चालवणारे, ठेके घेणारे, रिक्षा आणि टेम्पोवर मुले ठेवणारे बंधूही आहेत. तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ऑर्डर वेळेवर द्यावी लागते, भाडे थकते. तरीही तुमच्याकडे आलेला मुलगा कोणाचा तरी एकुलता एक असतो. त्याला बापाच्या नजरेने पाहा, एवढीच विनंती.

आणि धर्मगुरूनेही स्वतःला बांधून घ्यायचे असते हे डॉन बॉस्को यांनी दाखवून दिले आहे. म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी धर्मग्राम कार्यालयात थांबणार आहे. नोकरीला लागलेल्या किंवा लागणार असलेल्या मुलामुलींनी पालकांसह यावे, असतील ते कागद सोबत आणावेत. कायद्याची जाण असलेले आपल्याच धर्मग्रामातील काही बंधुभगिनी मदतीला असतील. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी तर अवश्य यावे. मालकांनीही आपले म्हणणे मांडायला यावे, तेही तितक्याच आस्थेने ऐकले जाईल.

हात झाकून बसलेल्या त्या मुलाला मी पुन्हा भेटून आलो. भरपाईसाठी अर्ज करायला तो आता तयार झाला आहे. त्याच्यासाठी आणि आपल्या सर्व कामकरी मुलामुलींसाठी या आठवड्यात प्रत्येक घरात रोझरीचे एक दशक अर्पण करावे.

नाझरेथच्या सुताराच्या हाताखाली ज्याने रंधा धरला, तो प्रभू येशू आपल्या मुलांच्या हातांचे रक्षण करो. संत जॉन बॉस्को, आमच्यासाठी विनंती करा.

आपला ख्रिस्तसेवेतील,
प्रमुख धर्मगुरू